मुंजीचं सामान आणि अकरा जादा किलो

इंदूरच्या सुदामा नगरातले काका-काकू नातवाच्या मुंजीला पुण्याला निघाले होते. दोघांची तिकिटं मुलाने एकाच पीएनआरवर काढली होती, माणशी 4,350 रुपयांना. प्रत्येकी 15 किलो चेक-इन सामान आणि 7 किलोंची केबिन बॅग फुकट, असं तिकिटावर लिहिलेलं होतं. एकत्र तिकीट असल्यामुळे दोघांचे मिळून 30 किलो धरले जाणार होते. काउंटरवर तीन नग काट्यावर चढले. मोठी बॅग 22.3, लहान बॅग 12.7 आणि सुतळीने बांधलेलं खोकं बरोबर 6. बेरीज 41.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, ग्यारह किलो एक्स्ट्रा है. छह सौ रुपये किलो."

म्हणजे 6,600 रुपये, वर कर. काकांच्या तिकिटापेक्षा त्यांच्या जादा सामानाचं भाडं जास्त. काका आयुष्यभर बँकेत कॅशवर बसलेले, त्यामुळे आकडा ऐकून ते गप्प बसणं शक्यच नव्हतं. "अकरा किलोंनी विमान खाली येतं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तो रागाने विचारलेला असला तरी प्रकरणाची खरी सुरुवात तिथूनच होते, कारण त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं.

सामानात काय होतं

आधी बॅगा उघडू. मोठ्या बॅगेत आहेराच्या पाच महेश्वरी साड्या, दोघांचे कपडे आणि मुंजीची पितळी उपकरणं होती: ताम्हण, पळी-पंचपात्र, समया. पितळ फसवं असतं, हातात घेतलं की चार भांडी वाटतात आणि काट्यावर चार किलो होतात. लहान बॅगेत भिक्षावळीचे लाडू, काकूंनी स्वतः वळलेले, स्टीलच्या डब्यांत. डब्यांचंच वजन दीड किलो भरलं असेल. खोक्यात लौंग शेव, जिरावण आणि थोडा मिक्स्चर, कारण इंदूरहून रिकाम्या हाताने पुण्याला गेलं तर विहीणबाई काय म्हणतील हा विचार काकूंच्या डोक्यातून विमानाचा कुठलाही नियम काढू शकत नाही.

हे सगळं आगगाडीने नेलं असतं तर प्रश्नच आला नसता. थर्ड एसीला माणशी 40 किलो आणि सेकंड एसीला 50 किलो सामान फुकट नेता येतं, आणि तेही सहसा कोणी तोलत नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत तर लोक मोटरसायकलसुद्धा पाठवतात. पण काकांचे गुडघे आणि रात्रभराचा प्रवास हे दोन्ही जमेना, म्हणून विमान.

वजनाचा हिशेब

विमानात वाढलेला प्रत्येक किलो दर तासाला स्वतःच्या वजनाच्या साधारण तीन ते चार टक्के जादा इंधन खातो, हा या धंद्यातला ढोबळ ठोकताळा आहे. इंदूर-पुणे उड्डाण सव्वा तासाचं धरा. अकरा किलोंसाठी साधारण अर्धा किलो इंधन, म्हणजे पाऊण लिटरच्या आत. लिटरला शंभर रुपये धरले तरी साठ-सत्तर रुपये.

मागितले 6,600.

तेव्हा काकांच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे, आणि वजनाचं कारण इथेच जवळजवळ निकालात निघतं. जवळजवळ म्हणायचं कारण असं की एका प्रवाशाचा हिशेब आणि कंपनीचा हिशेब वेगळा असतो. 180 आसनांचं विमान घ्या. प्रत्येकाची मर्यादा 20 वरून 15 वर आणली आणि सगळ्यांनी खरंच पाच-पाच किलो कमी आणले तर 900 किलो उतरतात. त्याच सव्वा तासात चाळीसेक किलो इंधन वाचलं, म्हणजे एका फेरीला पाचेक हजार रुपये. भारतातली सगळ्यात मोठी कंपनी दिवसाला दोन हजारांहून जास्त उड्डाणं करते. प्रत्यक्षात बरेच प्रवासी भरगच्च बॅगा आणतच नाहीत आणि काही विमानं लहान असतात, त्यामुळे खरी बचत याहून बरीच कमी असणार. तरी भारतातल्या विमान कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जातो, आणि विमानाचं इंधन अजून जीएसटीबाहेर असल्याने त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा व्हॅट बसतो. वजन कमी करण्यात त्यांना रस आहे हे खोटं नाही. फक्त किलोला सहाशे हा दर त्या रसातून निघत नाही.

मग दर कुठून आला

थोडं मागे जावं लागेल. 2008 साली खनिज तेल पिंपाला 147 डॉलरपर्यंत चढलं. त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने देशांतर्गत प्रवासाच्या पहिल्याच चेक-इन बॅगेवर 15 डॉलर लावले. कारण सांगितलं तेलाचं, आणि तेव्हा ते लोकांना पटलंही. वर्ष संपायच्या आत तेल चाळीस डॉलरच्या आसपास उतरलं. बॅगेचे 15 डॉलर मात्र उतरले नाहीत, उलट वाढत गेले. 2023 मध्ये अमेरिकेतल्या विमान कंपन्यांनी नुसत्या बॅगांच्या शुल्कातून सात अब्ज डॉलरहून जास्त कमावले. तिकडे आणखी एक मेख आहे. देशांतर्गत तिकिटाच्या भाड्यावर साडेसात टक्के केंद्रीय कर लागतो, बॅगेच्या शुल्कावर तो लागत नाही. म्हणजे भाड्यातला एक डॉलर काढून बॅगेवर टाकला की तो करातून सुटतो. हिशेबाच्या धंद्यात असल्यामुळे मला या युक्तीचं कौतुक वाटतं, प्रवासी म्हणून वाटत नाही.

आपल्याकडे 20 किलोंचे 15 झाले ते 2013 च्या सुमारास, जेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, काही सेवा भाड्यातून वेगळ्या काढून त्यांचे पैसे स्वतंत्र घ्यायला परवानगी दिली. जादा वजनाचे दर मग कंपन्यांनी आपापल्या मर्जीने वाढवले. ओरड झाल्यावर 2016 च्या जूनमध्ये डीजीसीएने लगाम घातला: 15 ते 20 किलोंच्या पट्ट्यात किलोला शंभर रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. काकांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच जुना दर लावून पाहिला. दोघांचे पहिले पाच-पाच किलो शंभराच्या दराने एक हजार रुपये, उरलेल्या एका किलोचे काय ते वेगळे. 6,600 च्या जागी फार तर सोळाशे.

त्यानंतरची दिशा एकच आहे. 2021 मध्ये डीजीसीएने चेक-इन सामान अजिबात नसणाऱ्यांना सवलतीचं तिकीट द्यायची मुभा दिली. 2024 च्या फेब्रुवारीत एअर इंडिया एक्सप्रेसने बिनसामानाचं स्वस्त तिकीट बाजारात आणलं. त्याच वर्षी मे महिन्यात एअर इंडियाने सगळ्यात स्वस्त इकॉनॉमी भाड्यातले 20 किलो 15 वर आणले. अमेरिकेत साउथवेस्ट ही कंपनी "दोन बॅगा फुकट" या एकाच वचनावर कित्येक वर्षं जाहिरात करत होती. 2024 च्या सप्टेंबरात तिने गुंतवणूकदारांना आकडे मांडून सांगितलं की शुल्क लावलं तर मिळेल त्यापेक्षा जास्त गिऱ्हाईक गमावू. पुढच्याच वर्षी, 28 मे 2025 पासूनच्या तिकिटांवर, तिनेही बॅगेचे पैसे लावले. गुंतवणूकदारांचा दट्ट्या होता. स्वतःचं गणित फळ्यावर मांडून स्वतःच पुसण्याचं असं उदाहरण क्वचित सापडतं.

यादीतली पहिली ओळ

आता काकांच्या मुलाने तिकीट कसं काढलं ते पाहू, कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथे आहे. त्याने फोनवर तारीख टाकली, यादी आली, स्वस्तातलं स्वस्त सगळ्यात वर. त्याने पहिली ओळ दाबली. त्याच कंपनीचा त्याच विमानातला वरचा भाडेप्रकार माणशी 900 रुपयांनी महाग होता आणि त्यात पाच-पाच किलो जास्त होते. तो पाहायला आणखी एकदा बोट फिरवावं लागलं असतं. सामान किती होणार हे त्याला तेव्हा माहीतच नव्हतं. काकूंनाही नव्हतं. लाडू अजून वळायचे होते.

यादी भाड्याने लागते, एकूण खर्चाने लागत नाही. समजा एखाद्या कंपनीने प्रामाणिकपणे 25 किलो सामान धरून भाडं 4,800 लावलं आणि दुसरीने 15 किलो धरून 4,350. पहिली कंपनी यादीत खाली जाते आणि तिची विमानं रिकामी उडतात. म्हणून भाड्यातून जे जे काढता येईल ते काढायचं आणि प्रवासी पैसे भरून बसला की मग एकेक पुढे करायचं: खिडकी, खाणं, रांगेत पुढचा नंबर, बॅग. हॉटेलच्या पाटीवर थाळी स्वस्त लिहून पोळी, भात, ताक वेगळं लावावं, तसं. कुणा एका कंपनीच्या हावरटपणावर हे खापर फोडता येत नाही. ज्या बाजारात गिऱ्हाईक एकाच आकड्याकडे बघतं, तिथे तो आकडा लहान दिसावा म्हणूनच सगळी मांडणी होते.

दुसरी गोष्ट प्रवाशांच्या चाळणीची. सकाळी लॅपटॉपची पिशवी घेऊन पुण्याला जाणारा आणि रात्री परतणारा माणूस, आणि मुंजीला निघालेले काका-काकू, दोघं एकाच विमानात बसतात. जुन्या पद्धतीत दोघं सारखंच भाडं भरायचे, म्हणजे लॅपटॉपवाला काकूंच्या पितळेचं भाडं नकळत भरायचा. आता ज्याचं त्याने भरावं म्हणतात, आणि हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे. पण चाळणी इथेच थांबत नाही. आगाऊ विचार करणारा आणि ऐनवेळी जागा होणारा यांनाही ती वेगळं काढते. काकांनी आदल्या दिवशी घरबसल्या दहा किलोंचा टप्पा घेतला असता आणि एक किलो केबिन बॅगेत हलवला असता तर साडेचार हजारांच्या आत भागलं असतं. तेच किलो, तेच विमान, त्याच लोडरचे हात. काउंटरवर दर चढतो तो प्रवाशाकडे दुसरा रस्ता उरलेला नसतो म्हणून. ज्याने बॅग घेतली त्याने पैसे द्यावेत हे न्यायाचं झालं. ज्याची माघार बंद झाली त्याने जास्त द्यावेत, याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कंपनीच्या बाजूने एवढं मांडायला हवं की काउंटरवरचं जादा सामान तिला खरंच नको असतं. काट्याशी वाद झाला की रांग तुंबते, आणि स्वस्त कंपन्यांचं विमान अर्ध्या तासात रिकामं होऊन, भरून पुन्हा निघायचं असतं. विमानाच्या पोटातली जागाही आधीच मालवाहतुकीला विकलेली असू शकते. आपली बॅग ज्या कप्प्यात जाते त्याच कप्प्यात औषधांची खोकी, यंत्रांचे सुटे भाग आणि कुरिअरची पोती जातात, आणि त्यांचं भाडं वेगळं मिळतं. कंपनीला सामान किती येणार हे आदल्या रात्री कळलं तर फायदा होतो, त्या बदल्यात तिने सवलत द्यावी, हे समजण्यासारखं आहे.

पण याच शुल्काने उलटा त्रासही उभा केला. चेक-इनला पैसे म्हटल्यावर लोक केबिन बॅग फुगवतात. डोक्यावरचे कप्पे भरतात, मागच्या रांगेतले लोक बॅग डोक्यावर धरून उभे राहतात आणि वाचवलेली मिनिटं दरवाजात जातात. इंदूरसारख्या शहरांतून एटीआरची लहान विमानं बरीच जातात. त्यांचे कप्पे इतके छोटे की नेहमीची चाकांची केबिन बॅगही धड मावत नाही. अमेरिकेतल्या स्पिरिट कंपनीने 2010 मध्ये केबिन बॅगेवरही पैसे लावून या प्रश्नाचं स्वतःपुरतं उत्तर काढलं. आपल्याकडे अजून 7 किलो फुकट आहेत, सध्या तरी.

काउंटरवर पुढे काय झालं

काका दर कमी करा म्हणून अडून बसले नाहीत, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. काकूंनी सूत्रं हातात घेतली. सोडायला आलेला भाचा विमानतळाजवळच्या बिजासन टेकरीपर्यंतच पोहोचला होता, त्याला फोन करून परत बोलावलं आणि खोकं त्याच्या हवाली केलं. सहा किलो कमी. रांगेच्या बाजूला फरशीवर मोठी बॅग उघडली गेली. लोक बघतात याची काकांना लाज वाटत होती, काकूंना नव्हती. ताम्हण आणि पळी-पंचपात्र काकांच्या केबिन बॅगेत गेलं, दोन साड्या काकूंच्या हँडबॅगेत. दोन्ही केबिन बॅगा सातच्या आत बसल्या. दोन किलो कमी. उरले तीन.

या तिनांवर थोडी चर्चा झाली आणि ती मला फार आवडली, कारण त्यात काकूंनी किलोच्या दराने प्रत्येक वस्तूची किंमत लावली. शेव तीनशे रुपये किलो आणि तिचं भाडं सहाशे, म्हणून शेव मागे. महेश्वरी साडी वजनाला हलकी आणि मोलाला भारी, तिच्यावर चर्चाच नको. समया जड खऱ्या, पण पुण्यात मिळतात, सुनेच्या माहेरी असतीलही. पण त्या काकूंच्या सासूबाईंच्या, काकांच्याच मुंजीत लागलेल्या. लाडूंचा तर दर लावायचा नाहीच. मालवाहतुकीच्या शास्त्रात वस्तूचं मोल भागिले वजन असं एक गुणोत्तर असतं, ज्यामुळे फुलं आणि मोबाइल विमानाने जातात आणि सिमेंट जात नाही. काकूंनी ते फरशीवर बसून लावलं आणि त्यात एक खाना आपल्या पदरचा घातला.

तीन किलोंचे, कर सोडून, 1,800 रुपये भरले. म्हणजे माणशी 900. मुलाने वरचा भाडेप्रकार घेतला असता तर नेमके एवढेच पैसे जास्त गेले असते, दहा किलो वाढून मिळाले असते आणि शेवेचं खोकंही सोबत गेलं असतं, एक किलो इकडेतिकडे करून. (खोकं दुसऱ्या दिवशी भाच्याने पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकलं. ते मुंजीआधी पोहोचलं.)

तिकिटं एकाच पीएनआरवर होती हे नशीब. वेगळी असती तर बेरीज धरली गेली नसती. खोकं काकांच्या नावावर लागलं असतं, तर काकूंच्या 12.7 किलोंच्या बॅगेनंतर उरलेले 2.3 किलो वाया जाऊन काकांच्या नावावर 13.3 जादा निघाले असते. घरातली दोन माणसं दोन वेगवेगळ्या फोनवरून सवलतीची तिकिटं काढतात तेव्हा हे हमखास होतं. आणि पुढे परदेशी विमान असेल तर फरक आणखी मोठा. इंदूर-मुंबई-अमेरिका असं एकच तिकीट असेल तर सहसा परदेशी टप्प्याची सामानमर्यादा इंदूरच्या काउंटरपासूनच धरतात. मुंबईपर्यंतचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून वेगळं काढलं की इंदूरला देशांतर्गत 15 किलोच.

तक्रारीचा मसुदा

पुण्याहून परतल्यावर काकांनी मला तक्रार लिहून मागितली. येताना दोघांचं मिळून 26 किलो भरलं होतं, चार किलो जागा मोकळी होती, तिचे पैसे परत मिळतात का असंही त्यांनी खोचकपणे विचारलं. मिळत नाहीत. फुकटची मर्यादा म्हणजे तुम्ही विकत घेतलेली जागा नव्हे, सरासरीवर बांधलेला अंदाज असतो. कमी आणणाऱ्यांमुळेच तो कंपनीला परवडतो.

तिकीट, पावती आणि कंपनीचं दरपत्रक मी समोर ठेवलं. मर्यादा तिकिटावर होती, काउंटरचा दर संकेतस्थळावर होता. डीजीसीएचं 2024 चं परिपत्रक सात सेवा वेगळ्या विकायला परवानगी देतं, चेक-इन सामान त्यांत आहे. अट एवढीच की या सेवा प्रवाशाने स्वतः निवडलेल्या असाव्यात, आपोआप टिचकी मारून गळ्यात घातलेल्या नसाव्यात. इथे कोणी काही गळ्यात घातलं नव्हतं. पैसे परत मागायला आधार नव्हता, आणि मी ते काकांना तसंच सांगितलं.

मसुद्यात मग एकच मागणी ठेवली, कंपनीऐवजी डीजीसीएला उद्देशून. तिकीट शोधताना प्रवासी किती, मुलं किती हे जिथे विचारतात, तिथेच सामान किती किलो हेही विचारावं आणि यादी त्या एकूण रकमेने लावावी. मुलाने 40 किलो टाकले असते तर वरचा भाडेप्रकारच स्वस्त ठरून आपोआप पहिल्या ओळीत आला असता. हे करायला नवं यंत्र लागत नाही, दर सगळे त्यांच्याकडे आधीच आहेत. पण एखादी कंपनी हे आपणहून करणार नाही, कारण जी पहिली करेल ती दुसऱ्या दिवशी यादीत तिसऱ्या-चौथ्या ओळीवर दिसेल. सगळ्यांना एकाच तारखेपासून करायला लावलं तरच होईल, आणि ते काम नियामकाचंच आहे. काकांनी मसुदा वाचला, "अंदाजे सामान" या शब्दांखाली रेघ मारली आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, "हे काकूला विचारून भरावे."